तोंडापुढचा पुठ्ठा

कानाच्या दवाखान्यातली तपासणीबाई रोज सकाळी कामाला बसण्याआधी दार लोटून घ्यायची आणि गुडघे टेकायची. समोरच्या खुर्चीवर त्या दिवशीच्या पेशंटांची यादी ठेवलेली. एकेक नाव घ्यायचं, "प्रभू, ह्याच्या कानांना सांभाळ, माझ्या हातांना सांभाळ," म्हणायचं आणि पुढच्या नावावर जायचं. बावीस वर्षांचा नेम, अंगात ताप असतानाही चुकला नव्हता. जोडीला काम करणाऱ्या मुलीची टकळी दिवसभर चालायची, म्हणून तिला सगळे चिमणीच म्हणत. ती दारातून डोकावून विचारायची, "झाली का बाई हजेरी घेऊन?"

त्या दिवशी चौथ्या नावापाशी बाईची जीभ अडखळली. नाव तिच्या थोरल्या भावाचं होतं.

दोघांत आठ वर्षं बोलणं नव्हतं.

"चिमणे," ती उठून म्हणाली, "चौथा पेशंट तू बघशील?"

"बघते की. का हो, वसकन अंगावर येणारे आहेत का?"

"नाही गं." बाईनं यादी पुन्हा हातात घेतली. ज्याच्यासाठी आत्ताच प्रार्थना केली त्यालाच दुसरीच्या गळ्यात घालायचं, हे तिला बरं वाटेना. "राहू दे. मीच बघते."

आई तीन वर्षं अंथरुणावर होती. तिचं हगणंमुतणं, तिचं भरवणं, सगळं एकट्या बाईनं काढलं. भाऊ लग्नानंतर दूर गेला, सुतारकामाचा कारखाना काढला आणि त्यातच गढून गेला. शेवटच्या दोन वर्षांत तर तो उंबराही चढला नाही. आई अगदी शेवटाला आली तेव्हा बाईच्या मनात आलं, इतके दिवस फिरकला नाही, आता रडायला तेवढा कशाला हवा? निरोप तिनं मुद्दाम उशिरा धाडला. भाऊ पोचला तेव्हा दफन उरकलं होतं. कबरस्तानाच्या फाटकापाशी त्यानं तिचा दंड धरून विचारलं होतं, "आईनं माझं नाव काढलं होतं का गं?"

"नाही," ती म्हणाली होती.

काढलं होतं. दोन दिवस आई दुसरं काही बोललीच नव्हती. पण तीन वर्षांचा सगळा शिणवटा आणि राग बाईनं त्या एका शब्दात ओतला. पुढे दर रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर तोंडात घेताना तो शब्द तिच्या घशात आडवा यायचा, आणि ती तो भाकरीबरोबर गिळायची. आधी भावाशी समेट कर, मग माझ्यापुढे ये, हे प्रभूचं सांगणं तिला पाठ होतं. जाईन, म्हणता म्हणता आठ वर्षं गेली.

भाऊ आला तो वहिनीच्या मागोमाग. केस पार पांढरे झालेले. बाईला बघून तो दारातच थबकला.

"तुम्ही अजून इथंच असता हे ठाऊक असतं तर दुसरीकडे नेलं असतं," वहिनी म्हणाली. मग खुर्चीवर टेकत, न राहवून, "अहो, मी म्हटलं जावई येणारेत, तर हे म्हणतात, गवई कशाला बोलावलेस? हसावं का रडावं, कळत नाही."

बाईनं वहिनीला बाहेर बाकावर थांबायला सांगितलं, त्याला काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं. बारीक आवाज आला की दाबायचं. जाड आवाजांना त्याचं बोट हललं. आवाज जसे धारदार होत गेले तसं ते बटणावर नुसतं टेकून राहिलं. चाळीस वर्षं करवतीच्या मशीनजवळ उभं राहिल्याचं ते फळ होतं.

मग शब्दांची तपासणी. बाई काचेच्या ह्या बाजूला, माईकपाशी. पेशंटनं ओठ वाचू नयेत म्हणून तोंडापुढे पुठ्ठा धरायचा. ती शब्द म्हणणार, तो ऐकू येईल तसा परत म्हणणार, ती यादीवर खूण करणार.

"शाळा."

"माळा."

"वीट."

"पीठ."

"साप."

"ताप," तो म्हणाला, आणि शाळेत उत्तर द्यावं तसा तिच्याकडे बघू लागला.

यादी संपली. पंचवीसपैकी नऊ बरोबर. बाईचा हात पुठ्ठ्यावर तसाच राहिला.

"माफ," ती म्हणाली.

"माप." ह्या वेळी तो ठाम होता. सुताराला तो शब्द चुकणार कसा?

"माफ कर."

"माप कर? माप घे असेल."

"आईनं तुझं नाव काढलं होतं."

हेही तपासणीतलंच समजून त्यानं कपाळाला आठ्या घातल्या, डोळे मिटले, जीव तोडून ऐकलेलं जुळवलं. "बाईनं... गाव सोडलं होतं." डोळे उघडून त्यानं विचारलं, "बरोबर?"

बाईला स्वतःची इतकी शरम कधीच वाटली नव्हती. ज्याला ऐकू येत नाही त्याला, काचेआडून, तोंड झाकून ती पाप सांगत होती. सांगितलं, असं आता स्वतःशी म्हणता आलं असतं. तिनं पुठ्ठा खाली ठेवला.

तो बाहेर आला तेव्हा वहिनीला आत बोलावून ती म्हणाली, "कानाचं मशीन लावलं तरी आवाज पोचेल, शब्द निम्मेच कळतील. ओरडू नका. समोर यायचं, चेहरा उजेडात ठेवायचा, सावकाश बोलायचं."

"म्हणजे आता भांडायलासुद्धा समोर बसायचं म्हणा!"

"वहिनी, थोडं थांबा. तुम्हीही ऐका."

तिनं आपली खुर्ची खिडकीपाशी ओढली, भावाच्या समोर, उजेड आपल्या तोंडावर येईल अशी.

"दादा."

तो बघत राहिला.

"आईनं तुझं नाव काढलं होतं."

तिचे ओठ थांबले तरी त्याची नजर ओठांवरून हलली नाही. "कधी?"

"शेवटचे दोन दिवस. सारखं. 'थोरला आला का गं? दार उघडं ठेव.' तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोलले. निरोपही मीच उशिरा धाडला. मुद्दाम."

"दार काय?"

"उघडं ठेव."

"उघडं ठेव," तो म्हणाला. एक अक्षरही चुकलं नाही.

वहिनी उभी राहिली. "आठ वर्षं, वन्सं! हा माणूस जेवता जेवता घास थांबवून मला विचारतो, 'मी इतका वाईट होतो का गं, की आईनं साधं नावही घेऊ नये?' आणि तुम्ही इथं बसून देवाचं नाव घेता?"

बाई तशीच उजेडात बसून राहिली. "माफ कर, दादा," तिनं सावकाश, ओठ पूर्ण हलवून म्हटलं.

शब्द त्याला कळला. कळला हे तिनं त्याच्या डोळ्यांत पाहिलं. आणि मग त्यानं मान वळवली आणि तो खिडकीबाहेर बघू लागला. ज्याला कमी ऐकू येतं, त्याला ऐकायचं नसेल तर तेवढं पुरतं.

ती पुढेही काही बोलली असती, पण आता बोलून उपयोग नव्हता. तिनं वाट बघितली.

शेवटी तो वळला. "मशीन कधी मिळेल?"

"गुरुवारी."

"बसवणार कोण? तूच?"

"हो."

"दुसरं कोणी असेल तर बघ," तो म्हणाला. रागानं नव्हे. पण कमी ऐकू येणारी माणसं मोठ्यानं बोलतात, तसं ते बाहेरच्या बाकांपर्यंत गेलं.

खरं बोललं की मन हलकं होतं, असं बाई मंडळीतल्या कितीतरी जणींना सांगत आली होती. तिला हलकं वाटलं नाही. जिन्यावर वहिनीचा हात त्याच्या पाठीवर होता, आणि तो मधेच थांबून तिला काहीतरी परत परत विचारत होता. तेवढं दिसलं, मग दोघंही वळणाआड गेली.

तिनं गुरुवारचं पान काढून त्याचं नाव चिमणीच्या रकान्यात लिहिलं.

"माझ्याकडे का?" चिमणीनं विचारलं. मग बाईचा चेहरा बघून, आयुष्यात पहिल्यांदाच, ती पुढचं बोलायची थांबली.

"समोर बसून बोल त्याच्याशी," बाई म्हणाली. "उजव्या कानाला जरा बरं ऐकू येतं."