बसून द्यायची परीक्षा

कोर्सच्या पहिल्या व्हिडिओत पुनम मॅडम हसून म्हणाल्या, "कॉम्प्युटरला घाबरू नका."

मी घाबरत नव्हतेच. मशीनला कोण घाबरतं? दुकानातला इलेक्ट्रिक काटा मीच चालवते, बिघडला तर मीच उघडते. मॅडमनी पुढं काय काय होईल तेही सांगितलं. माऊस धरायला शिकाल, टायपिंग शिकाल, फाईल ठेवायला, शोधायला, ईमेल पाठवायला शिकाल आणि शेवटी घरबसल्या परीक्षा द्याल. "फक्त एका शांत खोलीत, टेबलाशी खुर्ची घेऊन आरामात बसा." हे वाक्य प्रत्येक व्हिडिओत यायचं. ज्यानं कुणी ते त्यांना लिहून दिलं, त्यानं रेणापुरातलं एकही घर आतून बघितलेलं नसणार. शांत खोली, टेबल, खुर्ची, सगळं होतं आमच्याकडं. सुनेसाठी नव्हतं.

पुढं किराणा दुकान, त्यामागं बैठक, बैठकीमागं स्वयंपाकघर. वर पत्र्याची खोली आहे, पण तिथं नेट येत नाही आणि दुपारी भट्टी होते. बैठकीत दोन खुर्च्या. एक माझ्या सासऱ्यांची, नागप्पा मामांची. दुसरी येणाऱ्या-जाणाऱ्याची. माझ्या लग्नाला नऊ वर्षं झाली, मामांपुढं मी त्या दुसऱ्या खुर्चीवर कधी बसले नाही. बसू नको असं कुणी म्हणालं नाही. म्हणावं लागतच नाही. मामांच्या चपलेचा आवाज आला की मी उठते, पदर डोईवर घेते, भिंतीकडं सरकते. ते बसले तरी मी उभी. ते गेले की मग माझं काम. हे डोक्यानं होत नाही, पायानं होतं.

कोर्स लावला तो अंजूमुळं. अंजू माझी धाकटी बहीण, लातूरला एका दाळ मिलच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बिलं करते. तिचं लग्न ठरलं, ती सोलापूरला चालली. मिलच्या दयानंद शेठना ती म्हणाली, माझी ताई येईल माझ्या जागेवर. शेठ म्हणाले, कोर्स पास करून आली तर त्याच्या पुढच्या सोमवारपासून बसव, नाही तर दुसरी बघतो. घरात विचारलं तेव्हा मामा "हाव, बघू" म्हणाले. आमच्या घरात त्याला होकार म्हणतात. तेवढ्यावर मी उडी मारली. दुकानात नऊ वर्षं साखर-पोहे बांधले, पण दुकान माझं नाही, नवऱ्याचं पण नाही, मामांचं. ही जागा माझी होणार होती. तिथं मी माझ्या नावानं जाणार होते.

सुरुवातीला मोबाईलवर शिकले. मॅडम सांगायच्या, "आता माऊसचं उजवं बटण दाबा." मी मोबाईल उलटापालटा करून बघायची. ज्याच्याकडं कॉम्प्युटर नाही त्यालाच कॉम्प्युटर शिकवायला निघालेत, अन् हे त्यांच्या ध्यानात नाही. मग अंजूनं तिचा जुना लॅपटॉप दिला. बॅटरी मेलेली, सतत वायर लावून ठेवायची, वायर पण तोकडी. म्हणून बैठकीतल्या बटणांच्या बोर्डाखाली टेबल ओढलं न् दुपारी मामा गल्ल्यावर बसले की मी त्या दुसऱ्या खुर्चीवर बसायला लागले. मामा आत आले की उठायची. व्हिडिओ पुढं पळायचा, ते गेले की मागं ओढून परत बघायची. अर्धा कोर्स मी उभ्यानंच शिकले. चाललं तसं.

परीक्षेला ते चालणार नव्हतं. परीक्षेत कॅमेरा चालू. चेहरा दिसत राहिला पाहिजे, जागा सोडायची नाही, तोंडातून शब्द काढायचा नाही. तीन वेळा चूक झाली की परीक्षा आपोआप बंद. मी बाजाराचा दिवस निवडला. बाजाराच्या दिवशी मामा गल्ला सोडत नाहीत.

पहिला प्रश्न सोडवला, दुसरा सोडवला, तेवढ्यात चपला वाजल्या. मामा चष्मा विसरले होते. मी उभी. पडद्यावर लाल पट्टी: उमेदवार जागेवर नाही. मी टेकले. मामा चष्मा घेऊन त्यांच्या खुर्चीवर बसले, धोतराच्या टोकानं काचा पुसायला लागले. मी परत उभी. परत लाल.

"चालू दे, चालू दे तुझं," मामा बसल्या बसल्या म्हणाले.

मी उभी राहूनच वाकून पुढच्या प्रश्नाचं बटण दाबलं. कॅमेऱ्याला माझा गळा दिसला असेल. तिसरी लाल पट्टी आली न् परीक्षा बंद झाली. खाली लिहून आलं, शेवटची संधी आज सहापर्यंत. मामा चष्मा लावून दुकानात गेले. त्यांनी काही केलं नव्हतं. तेच तर.

मी तशीच दुकानात गेले. माझा नवरा संगमेश्वर गूळ फोडत होता, मामा पलीकडं पोत्याशी कुणाशी तरी बोलत होते.

"अहो, मामांना तासभर इथंच धरून ठेवा."

"धरून ठेवायला बैल हायत का ते?"

"सांगा की, परीक्षा चालू हाय, आत जाऊ नका."

"त्यांच्याच घरात त्यांना जाऊ नका म्हणू? अन् आत आले तरी तुला काय करतेत? बोलतेत का कधी?"

"मी उठते ना."

"मग नको उठू."

"मग तुम्ही सांगा त्यांना, ही उठणार न्हाई म्हणून."

त्यानं गुळाचा खडा तोंडात टाकला न् गिऱ्हाइकाकडं तोंड फिरवलं. "काय पायजे, मावशी?"

स्वयंपाकघरात सासूबाई, उमाबाई, तूर निवडत बसल्या होत्या. त्यांच्या कानावर सगळं गेलं होतं. एवढ्याशा घरात काय लपतंय?

"लॅपटॉप खाली घे," त्या म्हणाल्या. "पाटावर ठेव. तू बी खाली बस. खाली बसल्यालीला त्ये काय म्हणणार न्हाईत. आले तर मान खाली घाल, झालं."

"वायर पुरत न्हाई, आत्याबाई."

"दुकानात फ्रीजला लांब वायरचं बोर्ड लावलंय की. ते आण."

खरं होतं. बोर्ड आणता आला असता. मी दारापर्यंत गेले पण. मग परत आले.

"अन् मिलात? दयानंद शेठ आत आले की मी उठून भिंतीला लागू का? का तिथं बी पाट मागू?"

"त्यो शेठ तुझा सासरा हाय व्हय?"

"माझ्या पायाला कळतंय का ते?"

उमाबाईंनी सुपातली तूर एकदा उडवली, दोनदा उडवली. "लई बोलायलीस आजकाल," म्हणाल्या, पण बोर्डाचं परत काढलं नाही.

पाचच्या पुढं मी परत बसले. टेबलाशी, खुर्चीवर. फाईलला नाव द्या, दिलं. कॉपी करून दुसरीकडं ठेवा, ठेवली. शेवटी रजेचा अर्ज टाईप करायचा होता. ज्या बाईला घरातून कधी रजा मिळाली नाही तिला रजेचा अर्ज. मी "विषय" एवढं टाईप केलं न् चपला वाजल्या.

मांड्या वर उचलल्याच गेल्या. मी दोन्ही पाय खुर्चीच्या पायांना आतून आवळले. हात डोक्याकडं गेला, पदर घेतला. कॅमेऱ्याला पदराशी देणंघेणं नव्हतं, चेहरा दिसला की झालं. मामा दारात आले न् थांबले. मी पडद्याकडं बघत होते, पण डाव्या कानानं ते दिसत होते मला. ते मी उठायची वाट बघत होते. आपण वाट बघतोय हे त्यांना तरी कुठं माहीत असेल? नऊ वर्षं ते आत आले की मी उठायची, मग ते बसायचे. उठणं फक्त माझ्याच पायात आहे असं मला वाटायचं. त्यांच्या पायात पण होतं. सून उभी राहिल्याशिवाय त्यांना स्वतःच्या खुर्चीपर्यंत चालता येईना.

बोलायला बंदी. "मामा, परीक्षा हाय" एवढं पण म्हणता येत नव्हतं. घामानं बोटं घसरायला लागली. "रजा" लिहिताना दोनदा चुकले, पुसलं, परत लिहिलं.

मामा आतल्या दाराकडं तोंड करून म्हणाले, "अगं, सुनेला बरं न्हाई का?"

उमाबाई आतून म्हणाल्या, "बरी हाय."

"मग?"

"बसली हाय."

मामा एकदा दुकानाकडं गेले, परत आले. मोरीकडं गेले, परत आले. प्रत्येक वेळी माझ्या पोटऱ्या ओढायच्या, प्रत्येक वेळी मी पाय आणखी आवळायची. मॅडमनी माऊस कसा धरायचा ते तीन व्हिडिओत शिकवलं. खुर्ची कशी धरायची ते कुणी शिकवलं नाही. अर्ज पुरा झाला. सेव्ह केला, पाठवला. पडद्यावर चक्र फिरत राहिलं, फिरत राहिलं, अन् हिरवं आलं. पास.

कॅमेऱ्याचा बारीक दिवा विझला. आता कुणी बघत नव्हतं. मामा सोडून.

"झालं का?" ते दारातूनच म्हणाले.

"हाव मामा. पास झाले."

"बरं झालं. मग ऊठ की आता."

आवाजात राग नव्हता. पाऊस थांबलाय, निघ आता, असं म्हणावं तसं म्हणाले. राग असता तर बरं झालं असतं, मला पण भांडता आलं असतं.

"जरा शेठना मेसेज टाकते," मी म्हणाले न् मोबाईल हातात घेतला. उठले नाही.

मामा त्यांच्या खुर्चीपाशी आले, पाठ धरून ती उचलली न् दुकानातून बाहेर ओट्यावर नेऊन ठेवली. बाजार उठत आला होता, रस्त्यावर धूळ होती. ते धुळीकडं तोंड करून बसले.

संगमेश्वर धावत आत आला. "आप्पा बाहेर का बसले? काय म्हणालीस तू त्यांना?"

"काय न्हाई."

"मग त्यांनी खुर्ची का नेली?"

"विचारा की. तुम्ही त्यांच्याशी कधीतरी बोला."

तो तसाच उभा राहिला, एकदा बाहेर बघे, एकदा माझ्याकडं. मी दयानंद शेठना लिहिलं, सोमवारी सकाळच्या एसटीनं येते. पाठवलं. पाय सोडवायला गेले तर सुटेनात, मुंग्या आल्या होत्या. मी आणखी थोडा वेळ बसून राहिले.