काठीही दोन बोटं वाढली

नामपुरात त्या आठवड्यात कांद्यापेक्षा सूतबाबांचा भाव चढा होता. पुंजारामचं करडू एका रात्रीत अर्धं बोट वाढलं, ही बातमी मार्केटमधून बसस्टँडला पोचेपर्यंत करडाचा चांगला दाढीवाला बोकड झाला होता!

बाबांची पद्धत सोपी. संध्याकाळी कोऱ्या सुताने उंची मोजायची, तिथेच सूत तोडायचं, तीर्थात बुचकळून मंडपात वाळत टांगायचं. सकाळी तेच सूत लावलं की कमी पडतं. म्हणजे काय? वाढ! घंटा, गुलाल, लोटांगणं.

"लय मोठा देव शे हाऊ!" पुंजारामने करडाचंही डोकं बाबांच्या पायावर टेकवलं.

दहावीतल्या सायलीला खदाखदा हसायचं होतं. पण रांगेत तिची आईच होती, आणि आईचा पदर धरून धाकटी सृष्टी. वय आठ, दिसायला पाच.

"मेंदूत वाढीचं कमळ असतं," बाबा डोळे मिटून म्हणाले. "सुईच्या विषाने ते कोमेजतं. सुई बंद, तरच सूत चालेल!"

"आजपासून बंद, महाराज," आई म्हणाली.

नाशिकच्या डॉक्टर मॅडमनी किती सोपं करून सांगितलं होतं! मेंदू आपल्या तळाच्या वाटाण्याएवढ्या ग्रंथीला दोन निरोप धाडतो, 'सोड' आणि 'थांब'. त्याप्रमाणे ती वाढीचं हार्मोन सोडते. माणूस असो की शेळी, कारभार तोच. सृष्टीच्या मेंदूचा 'सोड' फारच क्षीण, म्हणून हार्मोन सुईतून द्यायचं. रोज, खाडा न करता. सहा महिन्यांत आईला पहिल्यांदाच तिच्या फ्रॉकची दुमड उसवावी लागली होती. आणि आता हे कमळ!

"महाराज," सायली साखरेच्या आवाजात म्हणाली, "तुमच्या काठीचंही एक सूत टांगते ना. पूजेला!"

गर्दीने जयजयकार केला. नवी शिष्या मिळाल्याच्या आनंदात बाबांनी मान डोलावली.

सकाळी सृष्टीला सूत लावलं. बोटभर कमी! आईच्या डोळ्यांना धारा लागल्या. तेवढ्यात सायलीने काठीला काठीचं सूत लावलं आणि सगळ्यांना दिसेलसं उंच धरलं.

"अभिनंदन! काठी दोन बोटं वाढली! हिचीही सुई बंद केली होती का, महाराज?"

"काठीत... आमचा प्राण आहे."

"मग हिचं कमळ कुठल्या टोकाला असतं? वरच्या की खालच्या?"

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. आईने मात्र सूत हातात घेतलं, बोटांत चोळलं. वीस वर्षं ब्लाउज शिवणारी बाई ती! कोरं कापड घेऊन येणाऱ्या प्रत्येकीला तिचं पहिलं वाक्य ठरलेलं : आधी भिजवून आणा, नाहीतर आटेल.

"अगं बाई," ती म्हणाली. "पोर कुठे वाढलीय? सूत आटलंय!"

"मंग मनं करडू?" आपल्या करडाकडे बघून पुंजारामचा चेहरा पडला.

"चारा घाला, काका. वाढेल की!"

बाबांनी काठी तिथेच टाकली आणि जीप गाठली. वाढलेली काठी जीपमध्ये मावली नसती बहुतेक.

घरी येताच आईने आधी डॉक्टर मॅडमना फोन लावला, कालचा खाडा कबूल केला आणि बोलणी खाल्ली. संध्याकाळी तिने फ्रिजमधून सुई काढली, तेव्हा सृष्टी बाही वर करून तयारच होती.

चमत्कार दिसला की नमस्कार करायला आपले हात शिवशिवतात. तेच हात जरा लांबवा आणि तो चमत्कार आधी एखाद्या काठीवर करून बघा. काठीही वाढली, तर पोरीचं औषध थांबवू नका. माप बदला!