शिळं पाणी

महादेवपुऱ्यातल्या आमच्या इमारतीत घरोघरच्या नळांवर सेन्सर बसवले आणि मोबाईलच्या ॲपवर आमचं घर रोज लाल दिसू लागलं. लाल म्हणजे पाण्याचा अतिवापर.

असोसिएशनचे सेक्रेटरी शिवकुमार दारात आले. मूळचे निपाणीचे, माझ्याशी मराठीतच बोलतात, मधेच एखादा कानडी शब्द येतो.

"सर, संध्याकाळी तुमच्याकडं पोरं शिकायला येतात. तीच पाणी सांडतात बघा. रविवारी पण लाल दिसलं तर वर्ग बंद करावा लागंल."

"अहो, हा आलेख बघा. पाणी जातंय सकाळी, स्वयंपाकघरात. पोरं येतात संध्याकाळी!"

"आलेख कोण बघतंय सर? कमिटी रंग बघती."

शाळेतून निवृत्त झाल्यापासून दिवसातला तेवढा एक तासच मला आपला वाटतो. तोही जाणार?

सकाळी पाणी कुठं जातं, ते मला ठाऊक होतं. माझी बायको सावित्री उठल्याबरोबर कालच्या कळश्या आणि पिंप मोरीत ओतते आणि सगळं ताजं भरते. शिळं पाणी स्वयंपाकाला चालत नाही, ही तिच्या माहेरची शिस्त. त्यात सेन्सरवाले नळच बंद करतील या धास्तीनं तिनं आणखी एक पिंप आणलं. तेही रोज ओतायचं!

"रात्रीत पाण्याला होतं तरी काय?" मी विचारलं.

"शिळं होतं."

"म्हणजे नेमकं काय?"

"शिळी पोळी वाढली की नाक मुरडता ना? तेच."

"पोळी आणि पाणी एक आहे का?"

"मग शिकवा पोरांना. मला नको."

आकडे सांगितले, चित्र काढून दाखवलं. सगळं वाया.

गुरुवारी वर्गात भूजल शिकवत होतो. खोल बोअरवेलचं पाणी शेकडो वर्षांपूर्वी मुरलेलंही असू शकतं, असं म्हणालो. सावित्री मुलांना चिरमुरे देत होती. पाचवीतल्या संहितानं तिलाच विचारलं, "अज्जी, मग आपल्या नळाला शिळंच पाणी येतं?"

मुलं खिदळली.

"ते जमिनीखाली झाकलेलं असतं गं," सावित्री म्हणाली.

"तुमच्या पिंपावर झाकण नाही?"

"आहे की."

"मग?"

सावित्रीनं माझ्याकडे रोखून पाहिलं. "पढवून ठेवलीत ना हिला?"

शपथेवर सांगतो, नव्हती. माझी आठवड्याची डोकेफोड फुकट आणि त्या पोरीचा एक "मग?" पुरला! दुसऱ्या दिवशी सावित्रीनं झाकण उचलून वास घेतला, पुन्हा ठेवलं आणि फक्त देवाची कळशी ओतली.

रविवारी आमचं घर हिरवं झालं. शिवकुमार हसतच आले.

"बघितलंत सर? पोरांना स्वल्प दम दिला की कशी सरळ येतात!"

"शिवकुमार, पोरांचा काही संबंधच नव्हता. ऐका तरी..."

"सरी सरी, असू दे. वर्ग चालू ठेवा. पण पोरांवर लक्ष असू द्या हं!"

मी चष्मा लावून ॲपमधला आलेख उघडेपर्यंत त्यांची लिफ्ट खाली गेली होती.