साखराबाईची सायकल आणि दोन व्याही

मुरुडच्या गुरुपादप्पांचं भांड्यांचं दुकान होतं, पण जीव सगळा जुन्या सायकलींच्या हत्यारांत. कुठं सायकलचं दुकान मोडलं असं कानावर आलं की अप्पा एसटी धरायचे. हिमायतनगरहून चेन खोलायचा पंच आणला, किल्लारीच्या बाजारातून हातपंप. रविवारी सगळं अंगणात मांडून तेलाच्या फडक्यानं पुसत बसायचे. अडचण एवढीच, की गावात सायकली फार उरल्या नव्हत्या. आणि ज्यांच्याकडं होत्या, ते अप्पांना बघून रस्ता बदलायचे.

लेकीला, मंजुश्रीला बघायला नांदेडचे पाहुणे येणार, त्या दिवशी बसम्मानं नवऱ्याला सकाळीच तंबी दिली. "पाहुणे जाईपर्यंत लोखंडाचं नाव काढायचं न्हाई. महादेवाची आण घ्या."

"घेतली की."

हत्यारांची पेटी दिवाणाखाली मावेना. मग तिच्यावर चादर टाकून ती बैठकीतच भिंतीला लावली. मुलाचे वडील पंचाक्षरी नेमके तिच्यावरच टेकले. चुरमुऱ्यांच्या सुशीलाची बशी हातात आली आणि ते चुळबुळले.

"खाली काय टोचायलंय हो?"

"काही न्हाई. असंच, सामान," अप्पा कसेबसे म्हणाले.

पंचाक्षरींनी चादर वर केली आणि बशी खाली ठेवली. "पाना! अन् तो बी विलायती! अप्पा, आमच्या घरी असल्या दोन ट्रंका हायत."

त्यांच्या मंडळींनी कपाळाला हात लावला. बसम्माचे डोळे वटारलेले, पण अप्पांचं मन स्वच्छ होतं. नाव पाहुण्यानं काढलं होतं. आण कुठं मोडली?

"चालवून बघितला का कधी?" पंचाक्षरींनी विचारलं.

"चालवू कशावर?"

तेवढ्यात दुधाचा रतीब घालणाऱ्या साखराबाईनं फाटकाशी सायकल लावली आणि ती शेजारी चहा प्यायला गेली. पंचाक्षरी खिडकीतून बघत हळूच म्हणाले, "मागचं चाक डुगडुगत असंल का?"

"असंल की!"

दोघं उठले. दुधाचे कॅन ओट्यावर आले, सायकल उलटी झाली, चाक निघालं. पाना खरंच भारी होता. एकाच हिसक्यात आस सुटला आणि आतले छर्रे टणटण करत अंगणभर पांगले.

साखराबाई आली ती ओरडतच. "अगं बाई, माझी सायकल!"

"दोनच मिनिटं, साखराबाई," अप्पा गुडघ्यावर रांगत म्हणाले.

"दोन मिनिटं कुठली! लोक पातेली घेऊन दारात बसलेत!"

मुलगा अमरनाथ इतका वेळ बशीत बघत बसला होता. तो उठला. "मावशी, कॅन आमच्या गाडीत ठेवू. चला, घरं दाखवा."

"मी न्हाई हलायची हितून. मी गेले की हे दोघं पुढचं चाक बी खोलतील."

"मला ठाऊक हायत घरं," मंजुश्री म्हणाली आणि भरजरी पदर खोचून तिनं एक कॅन उचललाही.

"अगं पण..." बसम्मा पुढं झाली. अमरनाथच्या आईनं तिचा हात धरला. "जाऊ द्या ताई. बैठकीत बोलायला आता उरलंय कोण?"

रतीब घालून दोघं परतले तेव्हा अमरनाथच्या पांढऱ्या शर्टावर दूध सांडलं होतं आणि मंजुश्रीला हसू आवरत नव्हतं.

"मापात कमी घालायले म्हणून मठाजवळची म्हातारी यांना लई बोलली," तिनं सांगितलं.

"पुढच्या वेळी नीट घालीन की," अमरनाथ म्हणाला.

'पुढच्या वेळी' ऐकताच दोन्ही आयांनी एकमेकींकडं बघितलं. बसम्मा आत पळाली आणि साखरेची वाटी घेऊन आली.

व्याही काही उठले नाहीत. एकजण तुळशीमागं, एकजण नालीत हात घालून छर्रे शोधत होता. चारी हात काळेकुट्ट. शेवटी बसम्मानंच दोघांच्या तोंडात चमच्यानं साखर घातली.

"काय झालं?" अप्पांनी विचारलं.

"तुमच्या लेकीचं लग्न ठरलं."

"बरं झालं," अप्पा म्हणाले. "अजून तीन सापडंना झालेत."

साखराबाईनंही साखर खाल्ली, तोंड पुसलं आणि ओट्यावर पाय पसरून बसली. "लग्नाचं ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "उद्या सकाळचा रतीब कोन घालनार, ते सांगा."