साकवाचा दुसरा बीम

खालापूरकडं कॉलेजची मोठी लॅब हाय, तिथं मी कामाला. इमारतींचे खांब, पुलांचे बीम आणतात आनि मशीनखाली दाबून मोडतात. मोडायच्या आधी बीम घासून त्याला पातळ चुना फासायचा, म्हंजे बारीकशी भेगबी काळी उठून दिसते. ते काम माझं. त्या शिकलेल्या पोरांना चुना लावता येत नाय, नुसता थापतात!

त्या दिवशी आमच्या पोशीर गावच्या ओढ्यावरल्या साकवाचा बीम आला. दोनांतला एक भादव्यात मोडला, आनि पलीकडच्या वाडीची जिजा ओढ्यात पडून मेली. साकव बांधला होता माझ्या मालकांनी, म्हंजे माझ्या घरधन्यांनी, हिरामण गवंड्यांनी. चौकशीत त्यांचंच नाव. "माझं काम चोख हाय, चंद्रे," एवढंच बोलायचे नि ताट सारायचे. आता हा दुसरा बीम दाबून खरंखोटं ठरणार होतं. मालक सकाळपासून लॅबच्या दाराशी उभे होते.

तारेचा ब्रश घेऊन मी बीमच्या बुडाशी बसले. जरा घासलं नि खपली पडली. आत नुसती खडी, मधे पोकळ, सळया गंजून लाल. ती खपली माझ्या हातची होती.

साकव बांधताना बीमच्या साच्याच्या फळ्या काढल्या तेव्हा मालक तापानं घरी पडले होते, कामावर मीच होते. दोन्ही बीमच्या बुडाला खडी उघडी दिसत होती. लोक त्यांच्या कामाला नावं ठेवतील, म्हणून मी सिमेंटचा घोळ कालवला नि हातानं फासून गुळगुळीत केलं. घरी कायबी बोलले नाय. मेलं माझं शहाणपण!

आता गप बसले असते तर दोष मालकांवर गेला असता, मी सुटले असते. मी ब्रश खाली ठेवला.

"रियामॅडम, इकडं या," टेस्ट घेणाऱ्या मॅडमना मी हाक मारली. "हे मी झाकलं होतं."

सगळं सांगितलं. मॅडमनी फोटो काढले, लिहून घेतलं, ओरडल्या नाहीत. मालक आत आले. त्यांनी त्या पोकळीत बोट घातलं नि तसंच ठेवलं. वाटलं, आता चारचौघांत मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"मला दाखवायचंस गं," ते म्हणाले. "फोडून पुन्हा ओतला असता मी. चार दिवसांचं तर काम होतं."