शिडीत नसलेली पाल

चुक, चुक, चुक. घर अगदी शांत असताना हा आवाज ऐकलाय ना? तो माझाच. मी एक जुनी पाल आहे, ट्यूबलाइटच्या पट्टीमागे राहणारी. माणसांच्या मनात शंका आली, की तिथेही म्हणे मीच चुकचुकते. एवढं सगळं करून माझ्या वाट्याला काय, तर झाडू.

माझा जन्म याच घरातल्या कपाटामागे, वाटाण्याएवढ्या अंड्यातून झाला. तेव्हापासून पतंग, चिलटं, झुरळाची पिल्लं, जे पुढ्यात आलं ते मी टिपलं. कौतुक एकदाच झालं. या घरातली चिंगी पाळण्यात होती, तेव्हा तिची आई मला बघून पुटपुटली होती, "खा बाई, तेवढेच किडे कमी." पुढे तेही बंद झालं.

परवा संध्याकाळी चिंगीने शाळेसाठी अन्नसाखळीचा तक्ता केला. कागदावर शिडी काढली. तळाच्या पायरीवर गवत, मग नाकतोडा, बेडूक, साप, घार. सगळ्यात वर बाबांचा कोट घातलेला फोटो. मला हसू आलं. तिचे बाबा घार खातात होय? मग ते घारीच्या डोक्यावर कसे? आणि मी कुठेच नाही!

डिंक संपला होता, म्हणून आईने पिठाची खळ शिजवून दिली. ती दोघींनी इतकी सढळ हाताने लावली, की ओघळच आले. तक्ता वाळायला माझ्याच भिंतीवर टांगला. शिजलेल्या पिठाच्या वासाने झुरळाचं पिल्लू आलं. त्याच्यामागे मी धावले. पिल्लू निसटलं, आणि माझे मागचे दोन्ही पाय खळीत रुतले. तेही नेमके बाबांच्या टायवर.

तिथेच बसलेली चिंगीची आत्या किंचाळली. आई झाडू घेऊन धावली. मी पाय ओढले, पण सुटेनात. शेपूट टाकून पळायची सोय असते आम्हाला, पाय टाकून पळायची नसते.

"वहिनी, बघत काय बसलीस? हाण. तक्ता काय, पुन्हा करता येईल," आत्या म्हणाली.

चिंगी मध्ये उभी राहिली. आईने तिला बाजूला हो म्हणून दोनदा दटावलं, तरी ती हलली नाही.

मित्रांनो, मी डोळे मिटले नाहीत. आम्हाला पापण्याच नसतात. मी दया मागत नाही, गोड दिसायचं सोंगही करणार नाही. मी खाते, मलाही मांजर खातं, आणि यात लाजण्यासारखं काही नाही. घर सगळ्यांचं मिळून चालतं. ते सांभाळताना मला मोजा, एवढंच.

तेवढ्यात चिंगीने मानेवर चापट मारली. डास निसटला. रक्त पिऊन जड झालेला तो डास तक्त्यावर, माझ्या तोंडापाशीच टेकला. मी मान पुढे केली आणि गिळला.

चिंगीने मान चोळत आधी माझ्याकडे पाहिलं, मग बाबांच्या फोटोकडे. आईचा झाडू हळूहळू खाली आला.

"आई, त्या डासाच्या पोटात माझं रक्त होतं. मग पाल माझ्याही वरच्या पायरीवर ना?"