बर्फातलं स्थळ

शांतम्मानं चुरमुऱ्यांच्या सुसल्यात मुद्दाम दोन मिरच्या जास्त टाकल्या. पोरगा बर्फात राहतो म्हणे. बघू तरी किती सोसतो. चुरमुरे खालीवर करून तिनं ताटल्या भरल्या आणि मागं न बघताच म्हणाली,

"पदर नीट घे. आन् मान खाली. बोलायचं ते मी बोलते."

रुद्राणीनं पदर नीट घेतला. तो आधीच नीट होता.

रुद्राणी लहान असतानाच तिची आई गेली, आणि त्याच सुमारास विधवा झालेली शांतम्मा भावाच्या घरी येऊन राहिली. तेव्हापासून घर तिच्या हातात आणि तिच्या तोंडात होतं. भाऊ चनबसप्पा, रुद्राणीचा बाप, चादरींच्या दुकानात जायचा, जेवायला यायचा आणि घरात जे बोललं जाईल ते ऐकून घ्यायचा. रुद्राणीनं पंचविशी ओलांडली होती. माळशिरसकडचा एक कारकून बघायला आला, त्याला शांतम्मानं "हा घाम पुसायला पण रजा काढंल" म्हणून घालवलं. नातेपुत्याच्या भुसार दुकानदाराला तर त्याच्या आईदेखतच विचारलं, "ह्याला पोत्यासंगं जोखून बघता का कधी?" दोघंही परत फिरकले नाहीत. पोरीला आपण वाचवलं, असं शांतम्मा मनापासून मानत होती.

बाहेरच्या खोलीत ऐन हिवाळ्यातल्या गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांतली थंडी होती. चनबसप्पा कानांवरून मफलर गुंडाळून बसला होता. समोर अक्कलकोटचे सिद्धाराम, त्याचे जुने व्यापारी स्नेही, आणि त्यांच्या शेजारी त्यांचा भाचा सोमलिंग, अर्ध्या बाह्यांचा सदरा घालून, हात गुडघ्यांवर ठेवून. हिमाचलात, शिमल्याच्याही वर कुठल्याशा गावात तो हवामान खात्यात नोकरीला होता.

"थंडी वाजत न्हाय व्हय?" ताटली पुढं करत शांतम्मानं विचारलं.

"नाही. तिकडच्या मानानं ही काहीच नाही."

"काहीच न्हाय!" ती भावाकडं वळली. "ऐकलंस का? आपण उगंच चादरी विकतोय."

सिद्धाराम हसले. सोमलिंगही हसला, पण पहिल्या घासालाच त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तरी त्यानं ताटली खाली ठेवली नाही. शांतम्मानं ते पाहिलं आणि पाण्याचा तांब्या जरा लांबच ठेवला.

"आन् काम म्हंजे काय? आभाळाकडं बघायचं?"

"तेही असतं. पारा किती उतरला, वारा कुठला, बर्फ किती पडला, ते मोजून वर कळवायचं."

"पडल्यावर मोजायचं! त्यात अक्कल ती काय? पाऊस आला की आमच्या गल्लीतली कुत्री पण वळचणीला जातात."

"साकु, शांता," चनबसप्पा कानडीतून हळूच म्हणाला. पुरे.

"साकु काय? दुष्काळात सगळा जिल्हा खडी फोडत हुता, तवा रेडिओवर रोज सांगायचे, आकाश निरभ्र राहील. ते आमाला दिसत नव्हतं?"

"खरं आहे," सोमलिंग म्हणाला. "आम्हाला पाऊस आणता येत नाही."

उत्तर इतकं सरळ आलं की शांतम्माला पुढचं वाक्य शोधावं लागलं, आणि त्याचाच तिला जास्त राग आला. पाणचट माणूस. असल्याच्या पदरी पोर बांधली तर दोघांचं पोरीलाच बोलावं लागणार, आणि हिला कुठं येतंय बोलायला!

रुद्राणी चहा घेऊन आली. कप ठेवताना थोडा चहा बशीत सांडला.

"बघा," शांतम्मा पाहुण्यांना म्हणाली. "इतकी वर्षं शिकवतेय. कप ठेवता येत न्हाय अजून."

रुद्राणी सतरंजीच्या कडेला बसली. सिद्धारामांनी घसा साफ केला.

"एक अडचण हाय, चनबसप्पा. सकाळच्या बातम्यांत सांगितलंय. तूच सांग की रे."

"हिमाचलच्या डोंगराळ भागात येत्या चार-पाच दिवसांत हलका हिमवर्षाव होईल, थंडी वाढेल, असा अंदाज आहे," सोमलिंग म्हणाला. "हलका म्हणतात, पण आमच्या गावचा रस्ता तेवढ्यानंही बंद होतो. मला आजच निघायला हवं. रस्ता बंद झाला की टपालसुद्धा पोचत नाही. म्हणून हो-नाही काय ते आत्ताच कळलं तर बरं."

शांतम्मा नीट सरसावून बसली.

"रस्ता न्हाय, टपाल न्हाय. शेजार तरी हाय का?"

"एक घर आहे, जरा खाली. पण बर्फ पडत असला की कुणी कुणाकडं येत नाही."

"बाजार?"

"आधीच भरून ठेवायचा."

"आन् तुमी?"

"मी कामावर. सकाळी जातो, अंधार पडायच्या आत येतो. फारच बर्फ असला तर तिथंच राहावं लागतं."

"किती दिस?"

"दोन दिवस. कधी तीन."

ह्याला घालवणं त्या कारकुनाहून सोपं होतं. शांतम्मानं हात रुद्राणीकडं केला.

"ऐकलंत? तीन-तीन दिवस माणसाचा आवाज न्हाय! अहो, हितं भरल्या घरात हिच्या तोंडातनं शब्द फुटत न्हाय. तितं मुकी हुईल, मुकी! भिंतीसंगं बोलंल. लग्न कसलं, जेल हाय की हे!"

सोमलिंगनं कप खाली ठेवला. आपलं इथलं काम संपलं, असं त्याला वाटलं असावं.

"त्यांचं चुकीचं नाही," तो चनबसप्पाला म्हणाला. "लपवून तरी काय करू?"

तेव्हा रुद्राणीनं मान वर केली.

"तीन दिवस?" तिनं विचारलं.

सगळे तिच्याकडं वळले. घरच्यांनाही तो आवाज नवखा वाटला.

"कधी चारही," सोमलिंग म्हणाला.

"आणि तेवढ्या दिवसांत कुणीच बोलत नाही?"

"कोण बोलणार? बर्फ पडतानाही आवाज होत नाही."

रुद्राणीनं थोडा विचार केला. घाईनं नाही, दुकानात कापडाचा पोत बोटांत धरून बघावा तसा.

"मग चालेल," ती म्हणाली.

शांतम्मा हसली. कुणीतरी सोबत हसेल म्हणून तिनं इकडंतिकडं पाहिलं. चनबसप्पानं कानांवरचा मफलर सोडला. तो बराच वेळ मुलीकडं बघत राहिला, मग बहिणीकडं; आणि तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे आलं, ते तिथं शांतम्मानं पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. तरी तिनं ते लगेच ओळखलं. नापसंत स्थळांकडं ती स्वतः असंच बघायची.

"आमचा होकार समजा," तो सिद्धारामांना म्हणाला. मग बहिणीकडं न बघता, "साखर आण."

साखरेची वाटी बाहेर गेली, तोंडं गोड झाली. पाहुणे हात जोडून "शरणु" म्हणत उठले. शांतम्मा दारापर्यंत गेली नाही. स्वयंपाकघरात ती नुसतीच उभी होती.

रुद्राणी रिकामे कप घेऊन आत आली. तिनं ते मोरीत एकावर एक रचले, एखाद्या कपाचा कान उडेल असे. मग ती पाठमोरीच थांबली, खांदे थोडे वर ओढून, मागून काहीतरी अंगावर येणार असल्यासारखी.

शांतम्माचं तोंड उघडलं होतं. वाक्य तयार होतं. पण तिची नजर त्या वर ओढलेल्या खांद्यांवर पडली. ते रोज असेच असायचे की काय, हे तिला आठवेना.

तिनं तोंड मिटलं.

बऱ्याच वेळानं ते खांदे हळूहळू खाली आले, आणि रुद्राणीनं नळ सोडला.